सुट्टीभर शिवायला टाकलेली पोरं

मागचे दोन उन्हाळे मी माझ्या मुलीला शिवायला टाकलं होतं.

तुमची वाचण्यात चूक झालेली नाही. बाकीचे लोक सुट्टीत मुलांना पाळणाघरात ठेवतात, शिबिरात घालतात, मामाच्या गावाला पाठवतात. आमच्या कारंज्यात जैन मंदिराच्या मागच्या गल्लीत हमीदचाचा टेलर राहतात, आणि त्यांच्याकडे मुलं शिवायलाच टाकावी लागतात. दुसरी भाषा त्यांना येत नाही.

सकाळी पावणेदहाला मी मनूचं बोट धरून त्यांच्या दारात उभी राहिले, की चाचा नाकावरचा चष्मा कपाळावर चढवायचे, पावतीपुस्तक काढायचे, मध्ये कार्बन सारायचे आणि मोठ्यानं म्हणत म्हणत लिहायचे, "नाव मनस्वी. नग एक. फ्राक पिवळा. संगं डबा, पान्याची बाटल, चप्पल जोड एक. टाकली पावनेधाले. तयार पाचले." मग पायाशी पडलेल्या कतरनींतून एक तुकडा उचलायचे, त्याचे दोन भाग करायचे. एक भाग माझ्या पावतीला टाचणीनं लावायचे, दुसरा भाग मनूच्या पावतीला, आणि ती पावती मनूच्या फ्रॉकला सेफ्टी पिननं. संध्याकाळी दोन्ही तुकडे एकमेकांशी जुळले, की मूल ताब्यात मिळायचं.

"पावतीशिवाय माल भेटनार नाई," हे वाक्य त्यांच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं, ते पँट-शर्टाबद्दल आहे असा माझा समज होता. एकदा मला उशीर होणार म्हणून मनूचे बाबा तिला आणायला गेले. पावती माझ्या पर्समध्ये. चाचांनी त्यांना आदरानं बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि मुलगी द्यायला साफ नकार दिला.

"अहो चाचा, मी बाप आहे तिचा."

"असान ना. मी कवा नाई म्हटलं? पन पावती?"

मनूचे बाबा वीज कंपनीत लाइनमन आहेत. माणूस शांत आहे. त्यांनी मनूकडे पाहिलं, म्हणजे पोरगी तरी 'बाबा' म्हणून धावत येईल. मनू म्हणाली, "पावती आना ना बाबा, असं थोडीच राहते." तसे ते मोटरसायकलवरून तहसील कचेरीत आले, खिडकीतून पावती घेतली आणि परत गेले. त्या रात्री ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत.

पण त्यांना तरी दुसरा मार्ग कुठे होता? मी तहसीलमध्ये दाखल्यांच्या टेबलावर आहे. मे-जून म्हणजे आमचा सुगीचा हंगाम. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला. अख्ख्या तालुक्याची पोरं पुढच्या वर्गात जायची असतात आणि ती सगळी माझ्या टेबलावरून जातात. या दोन महिन्यांत रजा मागणं म्हणजे लग्नघरात आचाऱ्यानं उपवास धरणं. तिकडे मनूच्या बाबांची तऱ्हा हीच. वळवाचं वारं सुटलं, की इंझोरीकडचे खांब आडवे, आणि हे दोन दोन दिवस तारांमागे. म्हणजे शाळेला सुट्टी लागते नेमकी तेव्हाच, जेव्हा आम्हा दोघांना श्वास घ्यायला सवड नसते. त्यातून बाकी महाराष्ट्रात शाळा उघडतात, तेव्हा आमच्या विदर्भात ऊन म्हणून आणखी थोडी सुट्टी वाढवून मिळते. ऊन फक्त मुलांना लागतं, आईबापांना लागत नाही, असं ठरवून टाकलेलं असावं.

"आजीकडे ठेवा की," असं सांगणारे लोक भेटतात. माझ्या सासूबाई किन्हीराजाला असतात. आजी म्हणजे घरात बसून गोष्टी सांगणारी बाई, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी एकदा सासूबाईंना भेटावं. विहिरीवरची वांगी, भेंडी, सांभार म्हणजे कोथिंबीर तोडून ही बाई पहाटे बाजाराच्या वाटेला लागते. मी फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "ठेवाले काई हरकत नाई वो. मंग वांगे तोडाले कोन येते, तू का तुहा नवरा?" मी फोन ठेवला.

हे बोलणं झालं, ते मी हमीदचाचांच्याच दुकानात उभी असताना. मनूच्या बाबांची ड्यूटीची पँट न्यायला आले होते. माझी ती तिसरी खेप होती. मनू कडेला बसून कतरनी गोळा करत होती. शाळा दुसऱ्या दिवशी बंद होणार होती आणि माझा आवाज रडवेला झाला होता. चाचांनी मशीन थांबवलं.

"पोरीचं काय झालं?"

मी सांगितलं. त्यांनी मनूकडे एकदा वरून खाली पाहिलं, ताग्यातलं कापड पाहावं तसं. "टाकून दे इथंच," ते म्हणाले. "पँट बी आज तयार नाई. दोन्ही संगच घेऊन जाजो."

चाचा त्र्याहत्तर वर्षांचे, सुतासारखे बारीक. गळ्यात टेप, कानावर खडू. घरात ते आणि नसीमचाची. एक मुलगी अमरावतीला दिलेली. रेडिमेडचा जमाना आल्यापासून दुकानात गिऱ्हाईक कमी आणि माश्या जास्त. अशा माणसाकडे सहा वर्षांची मुलगी ठेवायची, तर मनात धाकधूक होतीच. पण नसीमचाचीला पाहिलं आणि धाकधूक गेली. बाई ऐसपैस, हसरी, आणि तिचा हात सतत कुठल्या ना कुठल्या पातेल्यात. काय द्यायचं-घ्यायचं ते तिनंच एका वाक्यात ठरवून टाकलं. आठवड्याभरात गल्लीत बातमी फिरली आणि एसटीत कंडक्टर असलेली संगीता आपली दोन पोरं घेऊन आली, मग दवाखान्यातली नर्स, मग आणखी एकजण. पाच नग झाले.

प्रत्येक मुलाची आधी ट्रायल व्हायची. पहिल्या दिवशी फक्त एक तास, आईनं बाहेर बाकावर बसून राहायचं. "घट्ट होते का ढिल्लं होते, पाहू," चाचा म्हणायचे. मनूच्या ट्रायलनंतर त्यांनी मला निकाल दिला: "पोरगी चांगल्या सुताची हाय. फक्त तोंडाले जरा जास्त कापड सोडलं तुमी."

पाचवा नग आला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पाचही मुलांना अंगणात उभं करून नळाची पाइप त्यांच्यावर धरली. मी घ्यायला गेले तर मनू चिंब. मी काही बोलणार, तेवढ्यात चाचा म्हणाले, "कोरं कापड पयले भिजवा लागते बेटा. तसंच कापलं त मंग आटते." एक शाळकरी मूल भिजवल्याशिवाय वापरायला काढू नये, ही गोष्ट मला तोवर कोणी सांगितली नव्हती. त्यानंतर रोज चार वाजता पाइप. मे महिन्यातलं कारंज्याचं ऊन ज्यानं पाहिलं आहे, तो या शास्त्रावर शंका घेणार नाही.

दाराच्या चौकटीवर ते रोज सकाळ-संध्याकाळ उंचीही घ्यायचे. संध्याकाळी मूल सकाळपेक्षा किंचित बुटकं भरतं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते अस्वस्थ झाले. आपल्या हवाली केलेला माल कमी कसा भरतो, हे त्यांना कळेना. शेवटी दुपारी पोरं झोपत नाहीत म्हणून ती आटतात, असा निष्कर्ष निघाला आणि जेवणानंतर कूलरसमोर सतरंजी अंथरून सक्तीची झोप सुरू झाली. मनूला घरी मी कधी दुपारी झोपवू शकले नव्हते. तिथं ती डोळे घट्ट मिटून पडायची, "आटायचं नाही" म्हणून.

मुलांचे अहवाल रोज मिळत. संगीताचा मोठा "मजबूत, पन रंग जाते", म्हणजे खोटं बोलतो. धाकटा "लय उसवते", म्हणजे रडका. नर्सबाईंची मुलगी "इस्त्रीची", तिला कोणी हात लावलेला खपत नाही. आमची मनू "अस्तराची", म्हणजे वरून एक आणि आतून एक. यावर मी विचार केला आणि मला ते पटलं. तिच्या वर्गशिक्षिकेनं वर्षभरात जे प्रगतिपुस्तकात लिहिलं नव्हतं, ते या माणसानं दहा दिवसांत ओळखलं होतं.

आता त्यांचा दुर्गुण सांगते. पावतीवर 'तयार पाचले' असं लिहिलेलं असायचं आणि पाचला मूल कधीच मिळायचं नाही.

कपड्यांच्या बाबतीत ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. माझ्या दिरानं लग्नासाठी शिवायला टाकलेला सफारी त्याला पोराच्या बारशाला घालायला मिळाला. पण हाच कायदा मुलांनाही लागू होईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पाचला पोचावं, तर चाचा हात वर करून म्हणायचे, "काज-बटन बाकी हाय बेटा. बस जरासक." काज-बटन म्हणजे काय, ते रोज बदलायचं. कधी आंब्याची कोय चोखून व्हायची असायची, कधी गोष्ट अर्धी असायची, कधी सगळे मिळून सुईत दोरा ओवत असायचे आणि कोणाचाच जात नसायचा. मग आम्ही बायका बाकावर बसायचो. नसीमचाची चहा आणायची. चाचा मशीन चालवता चालवता विचारायचे, "आज किती दाखले काढले?" "वाशिमच्या गाडीले गर्दी होती का?" साडेपाच, पावणेसहा. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहायची. घरी भांडी पडलेली, कणीक भिजवायची, पाणी यायची वेळ. मी मनात चरफडायची, आणि खरं सांगते, एकदोनदा तोंडानंही चरफडले.

यंदा, म्हणजे दुसऱ्या उन्हाळ्यात, मे संपत आला आणि तो प्रसंग घडला.

दुपारचे अडीच वाजले होते. माझ्या खिडकीसमोर रांग दारापर्यंत गेलेली. मान खाली घालून मी एकेक कागद घेत होते. "पुढचा," म्हटलं आणि खिडकीच्या काठावर एक छोटा हात आला. हातात पावती, पावतीला निळ्या कापडाचा तुकडा.

"मम्मी, मी तयार झाली," मनू म्हणाली. "घे."

रांगेतले लोक हसले. तिनं रांगेत नंबर लावला होता, आणि मधे घुसू पाहणाऱ्या एका बाबाला मागंही पाठवलं होतं, असं मला नंतर कळलं. चाचांच्या गल्लीपासून तहसीलपर्यंत बाजाराचा रस्ता. कापसाचे ट्रक, ऑटो, आणि वरून ते ऊन. माझी सात वर्षांची पोरगी एकटी चालत आली होती. मी टेबलाला वळसा घालून बाहेर आले, तिला उचललं, तिचा लाल झालेला चेहरा पदरानं पुसला. "कोनी सांगतलं तुले याले?"

"चाचा म्हटले ना. आज तू टायमाच्या पयलेच तयार झाली म्हने."

झालं होतं असं. मनूनं दुपारी डबा न सांडता संपवला होता, आणि चाचांनी कौतुकानं तसं म्हटलं होतं. माल तयार झाला आणि पावती फ्रॉकलाच लावलेली, मग तो पोचता करायला हवा. त्या घराचा कायदा तिनं पाळला होता.

पाच मिनिटांत चाचा आले. कचेरीच्या व्हरांड्यातून पळत, अनवाणी, गळ्यात टेप, चष्मा कपाळावरच. त्यांच्या मागं इंझोरीचा एक शेतकरी, त्याच्या छातीवर खडूच्या रेघा. चाचांकडे कित्येक दिवसांनी एक गिऱ्हाईक नवा शर्ट शिवायला आलं होतं, आणि ते त्याची मापं घेण्यात आणि विचारपूस करण्यात इतके रमले होते, की मनू उठून गेलेली त्यांना दिसली नाही. त्या बिचाऱ्याची छाती मोजून झाली होती आणि बाह्या राहिल्या होत्या. तोही पोरीला शोधत तसाच धावत आला होता.

मला तेव्हा हे काही दिसलं नाही. भरल्या व्हरांड्यात, शंभर माणसांसमोर मी ओरडले, "चाचा, जिंदगीभर लोकाइचे कपडे टायमावर देल्ले नाई, ते चाललं. पन माही पोरगी म्हंजे कापड नाई! हारपली त दुसरी आनता येत नाई!"

चाचांनी मनूच्या डोक्यावर हात ठेवला, ती आहे याची खात्री केल्यासारखा. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बराबर हाय बेटा," आणि परत फिरले. डांबर तापलेलं होतं. ते एकेक पाय उचलत, रस्त्याच्या कडेची सावली बघत गेले.

पुढचे तीन दिवस मी मनूला तिथं पाठवलं नाही. पहिल्या दिवशी ती माझ्या टेबलाखाली बसली आणि दोन्ही दंडांवर 'सत्यप्रत' असे शिक्के मारून घेतले. साहेब आले, त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं आणि इतक्या सौम्य आवाजात "मॅडम, उद्या काही तरी बघा" म्हणाले, की मला रागावले असते तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी तिचे बाबा तिला इंझोरीच्या लाइनवर घेऊन गेले. बाप खांबावर, पोरगी खाली लिंबाच्या झाडाखाली. संध्याकाळी दोघं आली ती काळवंडून. तिसऱ्या दिवशी आमच्या दोघांत भांडण झालं, आणि शेवटी शेजारणीच्या हातापाया पडून तिच्याकडे ठेवली. शाळा उघडायला अजून तीन आठवडे होते. तीन आठवडे मी कोणाकोणाच्या पाया पडणार होते?

त्याच दुपारी संगीता खिडकीशी आली. कंडक्टरची बॅग खांद्याला, चेहरा उतरलेला.

"ताई, हमीदचाचा बिमार हायेत का वो?"

"काहून?"

"काल पाचले गेली त लेकरं दरवाज्यात लाइनीनं उभे! केस इंचरलेले, चपला घातलेल्या. चाचा म्हने, घ्या बाई, तयार हायेत. आज सकाळी म्हन्ते, आतापासून नवा माल घेनं बंद."

चाचांनी वेळेवर काम दिलं, ही बातमी कारंज्यात ऐकून कोणालाही काळजीच वाटली असती. संध्याकाळी मी मनूची राहिलेली पाण्याची बाटली आणायच्या निमित्तानं गेले. चाचा घरात नव्हते. नसीमचाची तांदूळ निवडत बसली होती. मी चौकशी केली, तशी तिनं परात बाजूला ठेवली, मला दुकानाच्या कोपऱ्यातल्या लाकडी कपाटापाशी नेलं आणि दार उघडलं.

आत कपडे होते. घडी घातलेले, इस्त्री केलेले, प्रत्येकावर पावती. काजं शिवलेली, बटणं लावलेली.

"हे सगये तयार हायेत?" मी विचारलं.

"तयारच राहतात. आजपासून का? चाळीस वर्साचं असंच हाय याचं." चाची हसली, पण हसू पुरतं आलं नाही. "कपडा तयार करून ठेवते आन् मानसाले सांगते, तयार नाई. म्या लय भांडली पयले. त म्हने, कपडा देल्ला का मानूस जाते ना वो. ईद-दिवाळीलोक तोंड दाखवत नाई. नाई म्हटलं का अजून दोन खेपा येते, बसते, चाय पेते, घरचं सांगते. मले दुसरं कोन हाय बोलाले?"

मी वरच्या शर्टावरची पावती वाचली.

"लेकराइचं बी तेच," चाची म्हणाली. "साडेचारले पोट्टे तयार राहत. म्या स्वतः तोंडं धुवून द्यो. हा त्याइले पुन्हा खेयाले बसवे. तुमी बाया घाईत राहता, त्याले समजे. पन तुमी येऊन बसल्या का त्याचा दिवस जाये." तिनं कपाटाचं दार लावलं. "तू बोलली त्या दिवसापासून भेते. टायम झाला का घड्याळापाशी उभा राहते. लेकरं त्याइच्या माय-बापाच्या हाती गेले का मंगच पानी पेते."

घरी जाताना मला माझीच लाज वाटत होती. जे मला बोलायचं होतं ते खरं होतं; आईला तेवढा हक्क असतो. पण ते मी शंभर माणसांसमोर बोलायला नको होतं, आणि आयुष्यभराच्या कामावर बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला मी मनूला घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. चाचांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"नवं काम बंद केलं बेटा."

"चाचा, मी चुकली. सगळ्याइसमोर नव्हतं बोलाले पाह्यजे."

"तू काहून चुकली? तू माय हाय. मी चुकलो." त्यांनी टेप गळ्यातून काढली, गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. "पोरगी सडकीनं गेली तवा मी त्या मानसाले इचारत होतो, तुह्या बैलाचा पाय कसा हाय. बैलाचा पाय! आता मले माह्यावर भरोसा नाई राह्यला."

"माझा आहे," मी म्हणाले. "आणि मला दुसरं कोणी नाही चाचा. खरंच नाही."

मनू तोपर्यंत आत गेली होती आणि संगीताच्या धाकट्याशी भांडायला लागली होती. चाचांनी तिच्याकडे पाहिलं. मग उठून त्यांनी मला आत घेतलं, रस्त्याकडचं दार लोटलं आणि वरची कडी लावली. त्या घराला दिवसा कडी लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"ठेव," ते म्हणाले. "पन पाच म्हंजे पाच. एक मिनिट वरतं नाई."

मी कबूल केलं.

त्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते, सर्व्हर दोनदा बंद पडला, आणि एका बाईनं तिच्या मुलाचा प्रवेश माझ्यामुळे जाणार म्हणून माझ्या टेबलावर डोकं टेकून रडून घेतलं. तिचा दाखला काढून दिल्यावर मीही पाणी प्यायले. पाचला मी चाचांकडे पोचले. मनू कडीच्या दाराआड तयार उभी होती, वेणी घातलेली, डबा हातात. चाचांनी कडी काढली आणि तिचा हात माझ्या हातात दिला. "घे बेटा. पाच वाजले."

"बसते जरा," मी म्हणाले.

"तुले घाई असन."

"नाही."

मी बाकावर बसले. पर्स बाजूला ठेवली आणि पाठ भिंतीला टेकली. चाचांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग मशीनवर बसले. मनू डबा टाकून आत पळाली. चाचीनं चहा आणला. कूलरचा ओला वारा येत होता, मशीनचा आवाज येत होता, मुलं कशावरून तरी हसत होती. चाचांनी विचारलं, "आज काय झालं कचेरीत?" मी त्या रडणाऱ्या बाईचं सांगायला लागले. ते कुठवर सांगितलं ते मला आठवत नाही.

जागी झाले तेव्हा बाहेर सावल्या लांबल्या होत्या. डोक्याखाली कोणीतरी कापडाची घडी सरकवली होती. कूलर ओढून माझ्याकडे वळवलेला होता. दुकानात चिडीचूप. बाकीची मुलं कधीच गेली होती. मनू दारात बसून गोट्या एकेक करून सतरंजीवर ठेवत होती, आवाज होऊ नये म्हणून. आणि चाचा मशीनसमोर तसेच बसून होते. सुईखाली अर्धा शिवलेला शर्ट, हात मांडीवर, पाय पॅडलवरून खाली. त्यांनी मशीन बंद ठेवलं होतं.

मी दचकून उठले. "किती वाजले?"

"पावनेसात."

"काहून नाई उठवलं मले?"

"पोरगी उठवून राह्यली होती. म्या म्हटलं, राहू दे तुह्या मायले," चाचा हळूच म्हणाले. "तुह्या घरवाल्याचा फोन आलता. म्या उचलला. म्हटलं, झोपली हाय थे. तू भात लावून ठेव."

एप्रिलपासून मी दुपारी सोडाच, रात्रीही धड झोपले नव्हते. मुलीला कुठं ठेवू, कोणाकडे ठेवू, उद्याचं काय, परवाचं काय. आणि या माणसानं माझ्या झोपेसाठी दीड तास आपलं काम थांबवलं होतं. मला रडू फुटलं. पदर तोंडाला लावला तरी थांबेना. मनू घाबरून जवळ आली.

"काही नाई झालं तिले," चाची आतून म्हणाली. "ऊन लागलं असन." आणि तिनं पुन्हा चहा ठेवला.